नाही कुणाला म्हणायचं?

सापशिडीचा पट दहा फूट लांब, दहा फूट रुंद होता. नागपुरात फ्लेक्सवर छापून घेतला, गुंडाळी केली, एसटीत सीटांच्या मधे आडवी घालून गडचिरोलीतल्या वडशापर्यंत आणली आणि तिथून पुढे सहकाऱ्याच्या मोटरसायकलवर मांडीवर धरून शाळेपर्यंत. त्या पटावर माझा फार जीव होता. साप मी स्वतः काढले होते. एकाच्या जबड्यात खर्ऱ्याची पन्नी, एकाच्या तोंडातून बिडीचा धूर, एक गांजाचा, एक दारूचा. शिड्यांवर अभ्यास, कबड्डी, चांगली संगत, आईबाबांशी बोलणं. थर्माकोलचा फासा घागरीएवढा. सोंगट्या म्हणजे मुलंच. फासा पडेल तेवढ्या घरांवरून उड्या मारत जायचं.

मैदानावर पट अंथरला तेव्हा आश्रमशाळेतली झाडून सगळी मुलं जमली. दोन तास नुसता आरडाओरडा आणि टाळ्या. असा कार्यक्रम आमच्याकडे आजवर झाला नाही, असं शिक्षक म्हणाले. आठवीतला एक मुलगा सत्त्याऐंशीव्या घरात पोचला होता. तिथून गांजाच्या सापानं त्याला चोवीसवर आणलं. तो पुन्हा चढला, पुन्हा तोच साप. खेळ संपल्यावर मी त्याला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय शिकलास आज?"

तो म्हणाला, "माझा फासाच खराब होता जी."

सगळे हसले, मीही हसले. परतताना मोटरसायकलवर, मांडीवर तीच गुंडाळी असताना, ते वाक्य मला नीट ऐकू आलं. पोरगा शंभर टक्के खरं बोलला होता. त्यानं गांजा ओढायचं ठरवलं नव्हतं, टाळायचंही ठरवलं नव्हतं. पूर्ण खेळात त्यानं काही ठरवलंच नव्हतं. फासा पडला, तो गेला. इकडच्या गावांत दारूपायी माणूस गेला की अंगणात बसलेले लोक म्हणतात, त्याच्या नशिबात होतं. तेच मी रंगीत करून, छापून, मुलांना उड्या मारायला दिलं होतं.

सापशिडी मुळात आपल्याकडची. जुना मोक्षपट परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो, पुण्याच्या वा. ल. मंजूळ यांनी जुन्या पटांचा शोध घेतला. त्यात काम, क्रोध, लोभ अशा नावांचे साप, सद्‌गुणांच्या शिड्या आणि वर मोक्ष. साप शिड्यांपेक्षा जास्त असत. पुढे इंग्लंडात जाऊन हा खेळ पोराबाळांचा झाला तेव्हा दोन्ही सारखे केले गेले. त्या मोक्षपटात कवड्या पडतात त्याला अर्थ आहे, कारण तो पट जन्मजन्मांतराचा आहे आणि कवडी म्हणजे मागचं कर्म. माझा पट तेरा वर्षांच्या मुलाच्या एका दुपारचा होता. शाळा सुटल्यावर पानठेल्यासमोरून घरी जाताना दोस्त हाक मारतो, तेवढ्या वेळाचा. तिथं कवडी आणून मी चूक केली.

त्याच दिवशी आणखी एक चूक झाली होती, ती मला दुसऱ्या दिवशी कळली. सहावीतली एक गोंड मुलगी पटाच्या कडेला उभी राहिली, खेळली नाही. दारूच्या सापाला मी मोहफुलांची माळ घातली होती. घरोघर मोहाची दारू गळते, म्हणून मुलांना पटकन ओळखू येईल असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी ती शिक्षिकेला म्हणाली, "मोह आमचा झाड होय. त्याच्यावर मी पाय कसा देऊ?" मी नागपूरच्या वस्तीत वाढलेली. होळीच्या पुढेमागे पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जाणं, ओल्या फुलांचा वास, वाळवून वर्षभर पुरवणं, देवाला वाहणं, विकून मीठमिरची आणणं, यातलं काहीच मला अंगानं माहीत नव्हतं. मला त्या झाडाची बाटली तेवढी दिसली. त्या मुलीची मी माफी मागितली. पुढच्या कुठल्याही खेळात मोहाचं फूल आलं नाही, आणि ज्या गावात जायचं तिथं काय पुजतात हे आधी विचारल्याशिवाय मी चित्र काढलं नाही.

व्यसनमुक्तीच्या या कामात मी आले ती डोक्यात एक चित्र घेऊन. कॉलेजात डॉ. अनिल अवचटांचं 'गर्द' वाचलं होतं. ब्राउन शुगरनं मुंबईतली पोरं कशी खलास होत होती ते त्या पुस्तकातून आपल्याला कळलं. त्याच कामातून १९८६ साली अवचट पतिपत्नींनी पुण्यात मुक्तांगण उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला हात दिला. ते वाचून नशा म्हणजे पत्र्यावरची पूड, अंधारी जागा, अनोळखी दलाल असं माझ्या मनात ठसलं होतं. आजही शहरात व्याख्यानाला गेले की पालक मला एमडी नावाच्या नशेबद्दल विचारतात. त्यांची काळजी खरी आहे. पण गडचिरोली-चंद्रपूरच्या ज्या पट्ट्यात मी काम केलं, तिथं नशा आजीच्या कनवटीला होती, मास्तरांच्या खिशात होती, लग्नाच्या मांडवात पाहुण्यांसमोर ताटात होती.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला खर्रा समजावून सांगावा लागतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन घोटतात. खूप वेळ घोटावा लागतो. हल्ली त्यासाठी यंत्रंही आली आहेत. मग पन्नीला गाठ मारून विकतात. एक खर्रा एकटा माणूस सहसा खात नाही. गाठ सुटली की चार तळहात पुढे येतात. बिडी मागायला संकोच वाटेल, पण खर्रा मागायला कुणाला वाटत नाही. तो देणं म्हणजे माणूस मानणं. यातली तंबाखू घातक आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुपारीला मात्र कुणी दोष देत नाही. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलेलं आहे, तंबाखू असो वा नसो. सुपारीनं तोंडातलं आतलं कातडं ताठर होत जातं, तोंड उघडेनासं होतं. बोटं आडवी धरून एकावर एक अशी तीन बोटं तोंडात मावली पाहिजेत, ही साधी परीक्षा. मी वर्गात ती करायला सांगते तेव्हा मुलं आनंदानं करतात. एखादा मुलगा दोन बोटांवर थांबतो आणि हात खाली घेतो. तेव्हा त्याच्याकडे बघायचं नसतं. त्याला नंतर, एकट्याला, दाताच्या डॉक्टरांकडे न्यायचं असतं.

सुरुवातीची दोन वर्षं मी भीती दाखवली. तोंडाच्या कर्करोगाच्या स्लाइडी होत्या, एकाहून एक भयंकर. मुलगे बाकावर चढून बघायचे, कोण डोळे मिटत नाही याची पैज लावायचे. एका शाळेत तिसऱ्या बाकावरची मुलगी उठून बाहेर गेली. तिच्या वडिलांच्या गालाला तसंच भोक पडलेलं होतं, नागपूरला उपचार चालू होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. तिच्या वडिलांचा चेहरा मी भिंतीवर आठ फुटांचा करून लावला आणि चाळीस मुलांनी तो पाहून ई केलं. त्यानंतर आठवडाभर ती शाळेत आली नाही. त्या स्लाइडी मी पुन्हा कधी लावल्या नाहीत. ज्या घरात रोग आहे तिथल्या मुलाला भीती आधीच पुरेशी असते, आणि ज्या घरात नाही तिथल्या मुलाला ते चित्र आपलं वाटत नाही.

अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांबद्दल सांगायचा. देशभर पसरला, पैसा ओतला, लोकांना आवडला. पुढे अभ्यासकांनी मुलांचा मागोवा घेतला तेव्हा ज्या मुलांनी तो कार्यक्रम केला आणि ज्यांनी केला नाही त्यांच्या वापरात सांगण्यासारखा फरक दिसेना. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आपण तर गणवेशाशिवाय तेच करत होतो.

मग मी मुलांना एकच प्रश्न विचारायला लागले. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. ज्यांनी कधी तोंडात घातलंय त्यांनी एवढंच लिहायचं, पहिल्यांदा कुणी दिलं? ज्यांनी घातलं नाही त्यांनी फुली मारायची, म्हणजे सगळ्यांची पेन्सिल चालेल. चिठ्ठ्या घरी आणून कंदिलाखाली उलगडल्या. मामानं. मोठ्या दादानं. आजीनं, दात दुखत होता म्हणून. धान रोवताना थकलो तं काकीनं. बाबानं ठेल्यावर आणायला पाठवलं, वाटेत मीच चाखून पाहिलं. दोस्तानं, दोस्तानं, दोस्तानं. छत्तीसगडच्या सीमेजवळच्या शाळेत गुडाखूचा उल्लेख होता, सकाळी आईसोबत दातांना लावला. अनोळखी माणूस एकाही चिठ्ठीत नव्हता. आमच्या भित्तिपत्रकावर मात्र काळ्या चष्म्याचा, लांब कोटाचा एक माणूस मुलाला पुडी देत होता. गडचिरोलीत लांब कोट कोण घालतो?

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसले आहे. नाही म्हणायचं असतं ते पदार्थाला नसतं. ते माणसाला असतं, आणि बहुतेक वेळा आपल्यावर जीव असलेल्या माणसाला. तेरा वर्षांच्या मुलाला तंबाखू वाईट आहे हे सांगून काय होणार? ते त्याला पाठ आहे, त्यानं त्यावर निबंध लिहून बक्षीसही घेतलेलं असतं. मामाचा हात पुढे असताना, मामाचं मन न मोडता, चारचौघांत काय बोलायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ते फळ्यावर लिहून येत नाही. करून बघावं लागतं, चुकावं लागतं, पुन्हा करावं लागतं. त्यासाठी खेळ.

खेळाचं नाव पानठेला. दोन बाकं जोडली की ठेला झाला. एक ठेलेवाला, दोन-तीन दोस्त, एक मामा आणि एक मुलगा किंवा मुलगी, जिला तिथून घरी जायचं आहे. बाकीचे प्रेक्षक. दोस्तांनी आणि मामानं तिला खायला लावायचं, तिनं खायचं नाही, पण दोस्ती तुटता कामा नये, मामा रुसता कामा नये. वेळ तीन मिनिटं. दोस्ती तुटली की नाही हे प्रेक्षक ठरवणार.

नाटक या मुलांना शिकवावं लागत नाही. हा झाडीपट्टीचा मुलूख आहे. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू झाल्या की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात आणि पोरंसोरं दुलईत बसून पहाटेपर्यंत बघतात. एका शाळेत पहिल्याच दिवशी एका मुलानं मामा असा उभा केला की वर्ग स्तब्ध झाला. भाच्याच्या खांद्यावर हात टाकला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "घे बे भाचा. तुझा आजा गेला तवापासून माझ्या हातचा कोणी खात नाही." समोरचा मुलगा काही बोलूच शकला नाही. त्यानं हात पुढे केला. खेळातल्या त्या रिकाम्या तळहातावरून त्यानं खोटा खर्रा उचलून खोटाच तोंडात टाकला. मीसुद्धा टाकला असता.

तळहात रिकामा, हेही ठोकर खाऊनच आलं. आधी मी पन्नीत लाकडाचा भुसा भरून खर्रे बनवले होते, खरं वाटावं म्हणून. ठेलेवाला झालेल्या पोरानं पन्नी हातात घेतली आणि घोटायला लागला. ती सराईत बोटं, तो प्लास्टिकचा चुरचुर आवाज. मागच्या बाकावरच्या दोघांनी आवंढा गिळला. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. ज्याला सवय लागली आहे त्याला वस्तू दिसली, आवाज आला, तरी तल्लफ येते. हे मी प्रशिक्षणात शिकले होते आणि नेमकं वर्गात विसरले. त्या दिवसापासून खेळात पन्नी नाही, बिडी नाही, बाटली नाही. सगळं हवेतलं. एकच खरी वस्तू, दुपट्टा. ज्याच्या खांद्यावर दुपट्टा तो मामा. खेळ संपला की त्यानं तो काढून घडी करून माझ्या हातात द्यायचा आणि स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं. हे सोडून चालत नाही. नाहीतर ज्यानं फार छान भरीस पाडलं तो दिवसभर मामाच राहतो आणि वर्गाबाहेरही त्याला टाळ्या हव्या असतात.

ही काळजी मला अजूनही वाटते. आपण नाही म्हणायला शिकवतो की भरीस पाडायला? म्हणून एक नियम वाढवला. मामा झालेल्यानं शेवटी सांगायचं, समोरच्याच्या कुठल्या वाक्यापाशी आपला हात मागे आला. ही उत्तरं मी वहीत टिपत गेले आणि तीच आमची खरी पाठ्यपुस्तकं झाली. "तंबाखूनं कर्करोग होतो" या वाक्यानं एकाही मामाचा हात मागे आला नाही. उलट मामा चिडायचा, मला शिकवतो का म्हणायचा. "आत्ताच जेवलो" यानं थोडा वेळ मिळतो. "तोंड आलं आहे" हे चालतं, पण रोज चालत नाही. मुली बहुधा काहीतरी काम काढून निघून जातात आणि ते फार सफाईनं करतात. एका सातवीतल्या मुलानं भलतंच केलं. मामाचा पुढे आलेला हात त्यानं दोन्ही हातांत धरला, हवेतल्या पन्नीसकट, आणि म्हणाला, "तू खा मामा, मी बसतो तुझ्यापाशी." आणि बसला. मामा झालेला मुलगा नंतर म्हणाला, "मले राग आणायला जागाच नाही ठेवली जी त्यानं."

'डेअर'नं पुढे आपला जुना पाठ सोडला आणि ॲरिझोनातल्या मुलांच्या खऱ्या गोष्टींवरून तयार झालेला एक नवा अभ्यासक्रम घेतला. त्यात चार वाटा सांगतात: नकार द्या, कारण सांगा, टाळा, निघून जा. आमच्या मुलांनी चारही आपापल्या शोधून काढल्या होत्या. पण जवळ बसून राहण्याची ही पाचवी वाट मला तरी कुठल्या पुस्तकात दिसली नाही. खर्रा जिथं माणसं जोडायचं काम करतो तिथं त्याला नकार देताना जोडण्याचं काम दुसऱ्या कशानं तरी करावं लागतं, एवढं त्या पोराला सहज कळलं होतं.

दुसरा एक खेळ लहान होता, पण त्यानं वर्गाची हवा बदलायची. प्रत्येकाला एक चिंचोका आणि एक सीताफळाची बी. आधी सगळ्यांनी अंदाज सांगायचा, आपल्या वर्गात खर्रा खाणारे किती? मग कापड झाकलेल्या मडक्यात हात घालायचा. खात असेल त्यानं चिंचोका टाकायचा, नसेल त्यानं बी. उरलेलं दुसऱ्या मडक्यात, म्हणजे कुणाच्या मुठीत काय राहिलं तेही कळत नाही. चाळीसच्या वर्गात मुलं अंदाज सांगायची तीस, पस्तीस, "सबनच खाते जी." मडकं उपडं केलं तर अकरा चिंचोके. मुलं दोनदा मोजायची. न खाणारा मुलगा आजवर स्वतःला एकटा समजत होता, त्याला कळायचं की आपण बरेच आहोत. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ते अकरा असायचे. एका शाळेत मुख्याध्यापकांनी नावं मागितली. मी म्हटलं, मला माहीत नाहीत, आणि माहीत असती तरी दिली नसती. त्यांनी आम्हाला पुढच्या वर्षी बोलावलं नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता, शिस्त लावायची होती. पण मडक्यावरचा विश्वास एकदा उडाला की पुढे कुठलंच मूल खरी बी टाकत नाही.

भारतातल्या तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांचं तंबाखूविषयी जे राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली झालं, त्यात ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरत असल्याचं निघालं. मला त्याहून दुसरा आकडा बोचला. तोंडात धरायच्या तंबाखूची सुरुवात करण्याचं मध्यक वय ९.९ वर्षं. म्हणजे चौथी-पाचवी. आम्ही आठवीपासून कार्यक्रम घेत होतो, कारण आठवीच्या मुलांना 'समजतं' अशी आमची समजूत. त्यानंतर मी चौथीच्या वर्गात जायला लागले. तिथं गांजा-दारूचं नाव काढायचं नाही. तिथं खेळ एवढाच, गोड सुपारीची पुडी आणि शेंगदाण्याची चिक्की, दोन रुपयांत काय घ्यायचं, आणि मोठ्या माणसानं ठेल्यावर पाठवलं तर काय म्हणायचं. हे शेवटचं नऊ वर्षांच्या मुलाला फार अवघड आहे. बापाला नाही कसं म्हणणार? आम्ही मुलांना तो भारच दिला नाही. आईबाबांच्या सभेत आम्ही मोठ्यांना उभं केलं, त्यांना मूल केलं आणि मुलाला बाप. "जा, एक खर्रा घेऊन ये" हे स्वतःच्या पोराच्या तोंडून ऐकताना माणसं खाली बघायची.

दोरीचा एक खेळ मात्र मी बंद केला, आणि तो का बंद केला हे सांगायला हवं. २००३ च्या तंबाखू कायद्यानुसार शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. शंभर यार्ड म्हणजे साधारण एक्याण्णव मीटर. मला वाटलं, छान खेळ आहे. मुलांनी सुतळी घ्यावी, मीटरमीटरवर गाठी माराव्यात, फाटकापासून मोजत जावं. गणितही होईल, कायदाही कळेल. सातवीची मुलं उत्साहानं निघाली. पहिला ठेला चाळीस मीटरवर. दुसरा सत्तरवर. प्रत्येक वेळी जल्लोष. दोरीचं पुढचं टोक धरून जो मुलगा पळत होता तो वळणावर थांबला. मागचे ओरडत होते, किती, किती? तो काही बोलेना. मी जवळ गेले. समोर निळ्या ताडपत्रीचा ठेला होता, आत एक माणूस सुपारी कातरत बसला होता. मुलगा गाठींकडे बघत हळूच म्हणाला, "एकोणनव्वद जी. आमचाच होय."

त्या माणसानं आम्हाला बघितलं, दोरी बघितली, आपल्या पोराच्या हातातलं टोक बघितलं. अडकित्ता तसाच हातात राहिला. त्या ठेल्यावर या मुलाची वही, चप्पल, बहिणीची औषधं चालत होती. मी दोरी गुंडाळायला लावली, मुलांना चिंचेखाली बसवलं, काहीतरी गाणं म्हटलं. कायदा बरोबर आहे, तो पाळला गेलाच पाहिजे, आणि शाळेसमोरचा ठेला हटलाच पाहिजे याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. पण तो हटवायचं काम मोठ्या माणसांचं आहे. ग्रामसभेचं, पोलिसांचं, अन्न व औषध प्रशासनाचं आणि माझंही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती मोठ्यांच्या आंदोलनातून झाली, बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून झाली. मुलांच्या हातात दोरी देऊन त्यांना बापाच्या दारात उभं करणं हा खेळ नव्हता. आता आम्ही मोजणी ग्रामसभेत करतो. मुलं तेव्हा शाळेत असतात.

खेळ कुठं चालत नाही हेही मी पाहिलं आहे. मधे वर्षभर नागपूरला स्टेशनवरच्या मुलांसोबत काम केलं. पंक्चर काढायचं सोल्युशन रुमालावर घेऊन ही मुलं हुंगतात. अमली पदार्थांवरच्या २०१९ च्या राष्ट्रीय अहवालात नोंद आहे की हुंगायच्या पदार्थांचा वापर हाच असा एक प्रकार आहे, ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांहून जास्त आहे: १.१७ टक्के मुलं, ०.५८ टक्के प्रौढ. मी तिथं पानठेल्याचा खेळ घेऊन गेले. दहा वर्षांचा एक पोरगा मला म्हणाला, "ताई, हे ओढलं की भूक नाही लागत. थंडीपण नाही वाजत." त्याला नाही म्हणायला कुणी माणूसच समोर नव्हता. होती ती भूक आणि फलाटाची फरशी. तिथं आम्ही खेळ बाजूला ठेवला आणि आधी जेवण, मग झोपायला जागा, मग डॉक्टर असं गेलो. कॅरम फार नंतर आला, आणि तोही निव्वळ कॅरम म्हणून.

शाळांमध्ये मात्र पानठेला अजून चालू आहे. दरवर्षी दिवाळीनंतर मी त्या शाळांत मुद्दाम जाते, कारण तेव्हा मंडया होऊन गेलेल्या असतात. मंडईत पाहुणे येतात, रात्री नाटक असतं, मांडीला मांडी लावून बसायचं असतं आणि रात्रभर खर्रा फिरत असतो. परीक्षा म्हणायचीच तर ती तिथं होते.

मागच्या खेपेला, "तू खा मामा, मी बसतो तुझ्यापाशी" म्हणणारा तोच मुलगा आठवीत होता. थोडा उंच झाला होता, आवाज फुटला होता. मधल्या सुट्टीत तो आपणहून माझ्याकडे आला.

"मंडईले मामा आला होता जी. खरा."

"मग?"

"मी म्हटलं, तू खा, मी बसतो तुझ्यापाशी."

"मग?"

"तो हासला. मंग माझ्या हातात कोंबला. सबन बघत होते. मी घेतला." तो थांबला. "खाल्ला नाही. खिशात ठेवला. नाटक सरेपर्यंत खिशातच होता."

"आणि सकाळी?"

तो व्हरांड्याच्या खांबाला नखानं खरवडत उभा राहिला. घंटा झाली. वर्गाकडे दोन पावलं गेला, वळून म्हणाला, "आज खेळ आहे नं जी? आज मी मामा होतो."

मी पिशवीतून दुपट्टा काढला आणि त्याच्या हातात दिला.